त्र्याण्णव नंबरचं पेट्रोल आणि एक चावडी

औरंगाबाद, गुरुवार

मी भुसावळचा. आमच्याकडे इंजिन म्हणजे वाफेचं, आणि वडील लोकोशेडात फायरमन, त्यामुळे इंजिन या विषयावर मला कोणी काही शिकवायची गरज नाही अशी माझी खात्री होती. वाफेचं इंजिन कसलाही कोळसा खातं, कुरकुर करतं आणि चालतं. मोटारीचंही तसंच असणार. या एका खात्रीमुळे पुढे काय काय झालं ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. जालना, अंबड, तीर्थपुरी हा मुलूख ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी वाचावं. ज्यांनी पाहिला आहे त्यांनीही वाचावं, कारण आपल्या गावच्या चावडीपुढून आपण कसे जातो हे माणसाला सहसा दिसत नाही.

निमित्त लग्नाचं होतं. प्रकाश माझा औरंगाबादच्या वसतिगृहातला खोलीसोबती. घर जालन्याला, नोकरी परतूरच्या शाळेत. मुलगी विमल, तीही शिक्षिका. लग्नानंतरच्या सोमवारी ती परतूरलाच मुलींच्या शाळेत रुजू होणार होती. तिचं गाव अंबड आणि तीर्थपुरीच्या मध्ये आहे. गावाचं नाव मी देत नाही. तिच्या आईवडिलांना तिथेच राहायचं आहे, आणि तसल्या चावड्या एकाच गावात आहेत असंही नाही.

त्या गावची रीत अशी की आमच्या लोकांच्या लग्नाची वरात चावडीपुढे आली की वाजंत्री गप्प करायची, नवरदेवानं खाली उतरायचं आणि चावडी संपेपर्यंत पायी चालायचं. घोडा असो, बैलगाडी असो. धर्म बदलून वीस वर्षं होत आली, घरातले देव गेले, पण ही पन्नास पावलं काही गेली नाहीत. प्रकाशनं पत्रात हे सगळं लिहिलं आणि खाली एक ओळ: "तू ये, पण पत्रकं आणू नकोस."

मी तीनशे आणली. मथळा होता, "चावडीवाल्यांना जाहीर सवाल". जाड कागद, दोन्ही बाजूंनी छपाई.

औरंगाबादच्या स्टँडबाहेर प्रकाश आणि इस्माईलचाचा मला घ्यायला उभे होते, आणि त्यांच्यामागे ती गाडी. लाल, बुटकी, दोन दारांची, बैठकीपेक्षा नाक लांब. कुण्या जहागीरदाराची ही विलायती गाडी त्यांच्या तबेल्यात पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. जालन्याच्या इस्माईल मिस्त्रींनी ती भंगारात उचलली आणि दोन वर्षं तिच्यावर खपले. प्रकाशचे वडील चाचांच्याच गॅरेजात वेल्डर होते. ते गेले तेव्हा चाचांनी शाळकरी प्रकाशला सांगितलं होतं, "बेटा, तुझी वरात मी काढीन, आणि घोड्यावर न्हाई काढणार." शब्द पाळणारी माणसं अजून आहेत. ती बहुतेक गॅरेजात असतात.

पेट्रोल पंपावर चाचांनी आधी दोन डबे भरून घेतले, माझ्या हातात नोटा दिल्या आणि म्हणाले, "मी प्लग घेऊन आलो. टाकी बी ह्याच नळीतून भरून घे. त्र्याण्णव नंबर. समजलं ना? त्र्याण्णव." प्रकाश त्यांच्याबरोबर गेला.

पंपावर दोन यंत्रं होती. एकावर ८३, दुसऱ्यावर ९३. मी पंपवाल्याला विचारलं, "फरक काय?"

"ह्ये साधं. त्ये भारी. भारी गाड्यांना लागतं, त्याला दर बी जादा."

माझं डोकं तापलं. माणसांत वरचे-खालचे करून झालं, आता पेट्रोलमध्येही? "रिक्षा कशावर चालते?"

"त्र्याऐंशीवर."

"जीप?"

"त्र्याऐंशीवर."

"मग ही कोण लागून गेली? भरा त्र्याऐंशी. टाकी भरून."

"मिस्त्री बोलतील हो."

"मिस्त्रींशी मी बोलतो." मी भाषणाच्या आवाजात म्हणालो. टाकी भरली. उरलेले पैसे चाचांच्या हातात दिले, ते त्यांनी न बघता खिशात टाकले. श्रीमंतांच्या पेट्रोलावर एक छोटासा बहिष्कार टाकल्याचं समाधान घेऊन मी मागच्या फळीवर बसलो. तिला बैठक म्हणणं हा बैठकीचा अपमान होईल. माझे गुडघे माझ्या कानाशी होते.

जालना, शुक्रवार

बदनापूरच्या अलीकडेच आवाज सुरू झाला होता. डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा. सपाटीवर गप्प, चढ आला, चाचांनी पाय दाबला की खडखडखड. चाचांनी गाडी बाजूला घेतली, टोपण उघडलं, नाकाशी बोट नेलं आणि माझ्याकडे वळून न बघता विचारलं, "काय भरलं?"

मी लपवत नसतो. मी सांगितलं. का भरलं तेही सांगितलं, वर्ग, वर्ण, दर, सगळ्यासकट. चाचांनी शांतपणे पूर्ण ऐकलं. मग प्रकाशला म्हणाले, "पक्या, तुझा दोस्त शिकलेला हाय ना?"

"बी. ए. हाय चाचा."

"तरीच."

जालन्यात त्यांच्या गॅरेजात रात्री मुक्काम झाला. शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी सायकलचा पंप माझ्या हातात दिला. "नळीच्या तोंडावर अंगठा दाब. आता दट्ट्या मार. जोरात. अजून. नळी कशी लागून राह्यली?"

"गरम."

"का? आग तर न्हाई लावली. हवा दाबली की गरम होते. इंजिनात हेच. जीपचा पिस्टन सहा हिश्श्याची हवा एक हिश्श्यात दाबतो. ही बेगम नऊ हिश्श्याची एकात दाबते, म्हणून पळती. पन एवढं दाबलं की आतलं पेट्रोल प्लगची ठिणगी पडायच्या आधीच भडकतं. पिस्टन अजून वर येऊन राह्यला आणि वरून धमाका. तो खडखड म्हंजे पिस्टनच्या टाळक्यात हातोडा. चार दिवस असं चालवलं तर भोक पडंल."

"म्हणजे त्र्याण्णव जास्त ताकदीचं—"

"न्हाई रे बाबा! तू बी त्या पंपवाल्यासारखाच. ताकद बिलकुल जास्त न्हाई. त्र्याण्णवमध्ये सबर जास्त. दाब सहन करतं आणि ठिणगी पडली की मंगच पेटतं. जीपमध्ये घातलं तर पैसा पान्यात, जीप एवढं दाबतच न्हाई. तिला त्र्याऐंशी बराबर हाय. भारी-हलकं कायबी न्हाई. कुन्या इंजिनाला काय, येवढंच."

सबर हा शब्द मला चावला. आमच्या लोकांना सबुरीचे सल्ले देणाऱ्यांवर मी एक अख्खं पत्रक काढलेलं आहे. मी तसं बोललो. चाचा म्हणाले, "पेट्रोलवर बी काढ एखादं. पहिलं जरा वाचून घे."

टाकीतलं सगळं काढून डबे ओतायचे तर जालन्यापासून थेट परतूरपर्यंत ते पुरणार नव्हते, आणि जालन्यात त्र्याण्णव मिळत नव्हतं. तेव्हा ठरलं असं: गावापर्यंत माझ्या त्र्याऐंशीवरच जायचं, डबे लग्नानंतरच्या परतूरच्या वाटेसाठी राखायचे. चाचांनी ठिणगीची वेळ थोडी मागे सरकवली. खडखड कमी झाली, पण गाडीचा दमही गेला. "आता तापंल," ते म्हणाले. "ताप घेऊन नवरी आणायला चाललो."

अंबड, शनिवार

अंबडला स्टँडसमोर थांबलो. गाडी तापली होती आणि आम्हीही. रेडिएटरचं टोपण उघडून पाणी घालेपर्यंत गाडीभोवती निम्मं अंबड जमलं. कोर्टातून नुकते बाहेर पडलेले दोन पक्षकार, जे सकाळी एकमेकांविरुद्ध उभे होते, ते आता एकत्र वाकून आत बघत होते. मला वाटलं होतं लोक विचारतील, ही किती वेगानं पळते. तसं कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं:

"लिटरला किती देती?"

चाचांनी आकडा सांगितला. पक्षकारांनी एकमेकांकडे बघितलं. "ह्यापेक्षा हत्ती परवडला," एक म्हणाला, आणि दुसऱ्यानं त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याशी सहमती दाखवली.

जेवण एका खानावळीत. आमच्या खानदेशात पाहुणा म्हटला की वांग्याचं भरीत, शेवभाजी, वर तेलाचा तवंग. इथे ज्वारीची भाकरी ताटात येते, तिच्यावर ठेचा येतो, कांदा हातानं फोडून येतो, आणि मालक विचारतो, "अजून काय पायजे?" या प्रश्नाचा अर्थ अजून काही नाही असा आहे. ठेचा आमच्यापेक्षा तिखट. मी हे कबूल करणारा पहिला खानदेशी असेन. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा प्रकाश म्हणाला, "दाब वाढला वाटतं. त्र्याऐंशीवाला तू."

हसलो आम्ही, पण तो घासाशी खेळत होता. मी विचारलं तर म्हणाला, "उतरावं लागलं तर उतरन मी. तू गप ऱ्हा. विमलचे वडील गवंडी हायेत, काम गावातच करतेत. आपण निघून जाणार उद्या."

"आणि विमल काय म्हणते?"

"तिला इचारलंच न्हाई," प्रकाश म्हणाला. पत्रकं आणू नकोस हे मला सांगणारा हा माणूस.

त्या गावात, शनिवारी संध्याकाळी

वेशीपाशी बौद्धवाड्यातली माणसं आणि परतूरहून आणलेला बँड उभा होता. तिथून गाडी माणसाच्या चालीनं. आता हे लक्षात घ्या: ज्या गाडीचा जन्म मैदानात वाऱ्याशी झोंबायला झाला, ती एप्रिलच्या उकाड्यात क्लॅरनेटच्या मागून चालते आहे. समोरून वारा नाही, ठिणगी मागे सरकवलेली, पोटात चुकीचं पेट्रोल. तापाचा काटा लाल रेघेला टेकला. मला वास येत होता आणि मला माहीत होतं की तो माझ्या तत्त्वाचा वास आहे.

चावडी आली. नवा दगडी ओटा, त्यावर लिंबाची सावली, सावलीत दाजीबा पाटील आणि चारपाच जण. पाटील सत्तरीचे, पागोटं, आवाज खणखणीत. त्यांनी नुसता हात वर केला. बँड थांबला, क्लॅरनेटवाला तर अर्ध्या सुरात.

"गाडी बंद करा. नवरदेवानं उतरावं. गावची रीत हाय, समदेच उतरतेत."

माझा हात पिशवीत गेला. प्रकाशनं तो वरून दाबून धरला आणि दाराची कडी चाचपली. चाचांनी "जी, पाटील" म्हणून चावी फिरवली, काढली.

इंजिन चालूच.

नीट चालू असतं तर गोष्ट वेगळी. ते खाड, धड, खाडखाड, फुस, धड असं चालू होतं. गाडी जागच्या जागी ताप भरलेल्या म्हशीसारखी थरथरत होती.

"बंद कर म्हणलं ना!"

"केली की, पाटील. ही बघा चावी." चाचांनी खिडकीतून हात बाहेर काढून चावी सगळ्यांना दाखवली. खाड. धड. मागच्या नळीतून काळा धूर निघाला आणि एक धमाका झाला. ओट्यावरचे दोघे उठून लिंबाच्या मागे गेले.

"चावी न्हाई तर चालून कशी राह्यली?"

"पोटात आग हाय तिच्या. ठिणगीबिगर पेटून राह्यली."

"मंग आता?"

"आता काय सांगावं. थंड व्हाया अर्धा-पाऊण तास. तवर हितंच उभी करतो. फुटली तर..." चाचांनी वर लिंबाकडे बघितलं, मग ओट्याकडे, मग पाटलांच्या पागोट्याकडे.

"न्या!" पाटील ओरडले. "न्या ती बला पुढं! आधी न्या!"

चाचांनी चावी पुन्हा लावली, गिअर टाकला. प्रकाश कडीवर हात ठेवून बसलेलाच राहिला आणि चावडी संपली. आमच्या मागे बँडवाल्यांनी स्वतःहून सूर उचलला. वाड्यातल्या म्हाताऱ्या रडत होत्या का हसत होत्या ते मला मागच्या फळीवरून दिसलं नाही. गुडघे आडवे आले.

विमलच्या दारात चाचांनी वरचा गिअर टाकला, ब्रेकवर पाय ठेवला, क्लच सोडला. गचका बसला आणि इंजिन मुकाट्यानं मेलं.

मी बघत राहिलो. "चाचा! म्हणजे तिथंही बंद करता आलं असतं?"

"आलं असतं की," चाचा उतरत म्हणाले. "पन तवा माझा पाय दुखून राह्यल्ता."

तिथेच, रविवारी

लग्न सकाळी लागलं. दोन फोटो, मेणबत्त्या, पांढरी साडी, त्रिसरण, पंचशील. अर्ध्या तासात संपलं. जेवणाला तीन तास लागले, कारण वाढणारे प्रत्येक पाहुण्याला कालचा प्रसंग पहिल्यापासून सांगत होते, आणि दर पंगतीला धूर वाढत होता. शेवटच्या पंगतीपर्यंत पाटील लिंबावर चढलेले होते.

आणि मी? मी हिरो झालो होतो. चुकीचं पेट्रोल भरणारा म्हणून दोनदा बुंदी वाढली गेली मला.

निघायच्या आधी चाचांनी रबरी नळी काढली आणि टाकीतलं उरलेलं त्र्याऐंशी उपसायला बसले. विमलचे वडील, किसनराव, जवळ येऊन उभे राहिले. हडकुळे, हाताची बोटं चुन्यानं खाल्लेली. ते हळूच म्हणाले, "मिस्त्री, त्येच राहू द्या ना पेट्रोल. चावडी वलांडोस्तर. कालच्यावानी चालूच राह्यली तर कोन कुनाला काय बोलंल? भांडन बी न्हाई, उतरनं बी न्हाई. म्होरं जाऊन मंग बदला."

खरं सांगतो, मी त्यांच्या बाजूचा होतो. माझ्या चुकीनं मिळवलेला तो विजय मला सोडवत नव्हता. मी म्हणालो, "बरोबर आहे यांचं." प्रकाशच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला.

विमल दारात होती. हातात ट्रंक, पांढऱ्या साडीचा पदर खोचलेला. तिला मी तोवर फक्त "साधु, साधु" म्हणताना ऐकलं होतं.

"चाचा," ती म्हणाली, "काल ह्ये बसून गेले ते गाडी बिघडली म्हणून. असंच ना?"

"असंच, बेटी."

"मंग पुढल्या साली माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं बी बिघडलेलीच गाडी आणायची का? आणि ज्याच्याकडं गाडीच न्हाई त्यानं?" ती वडिलांकडे वळली. "दादा, त्यो ओटा कुणी बांधला?"

"म्या."

"तुमच्या हातचा ओटा. त्याच्यापुढून मी चोरावानी जाणार न्हाई. चांगलं पेट्रोल टाका, चाचा. बंद व्हाया पायजे गाडी. बंद झाली की मंग बघू कोण उतरतं."

किसनराव बराच वेळ बोटांवरचा चुना खरवडत राहिले. त्यांना इथेच राहायचं होतं. उद्या सकाळी कामाला जायचं ते पाटलाच्याच आळीत. शेवटी म्हणाले, "टाका मिस्त्री. लेक म्हनती तसं."

आता नरसाळं नव्हतं. चाचांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या पिशवीत हात घातला. चार पत्रकं एकावर एक गुंडाळून त्यांनी सुरेख नरसाळं केलं आणि म्हणाले, "कागद जाड हाय. बराबर." त्यातून दोन्ही डबे टाकीत गेले. आमच्या चळवळीच्या साहित्याचा त्या गावातला पहिला प्रत्यक्ष उपयोग मी डोळ्यांनी बघितला. उपसलेलं त्र्याऐंशी ग्रामसेवकानं फटफटीत घालून नेलं, आणि ती फटफटी त्याच्यावर इतकी खुशीत पळाली की मला पेट्रोलची माफी मागावीशी वाटली. मग चाचांनी ठिणगीची वेळ जागेवर आणली.

दुपारचे दोन. बँड मागे, आम्ही पुढे. पुढे चाचा आणि नवरा-नवरी दाटीवाटीनं, मागे मी आणि ट्रंक. लिंबाखाली आज काल होते त्याच्या दुप्पट लोक. पाटलांनी हात वर केला.

"आज व्हती का बंद?"

चाचांनी चावी फिरवली. गाडी अशी गप्प झाली की लिंबातले कावळे ऐकू आले. कुठल्या तरी घरात जातं चालू होतं, तेही ऐकू आलं.

"झाली," चाचा म्हणाले.

"आता उतरा."

प्रकाशनं विमलकडे बघितलं. मग त्यानं कडीवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. कोणी उतरलं नाही. माझ्या पिशवीत दोनशे शहाण्णव पत्रकं होती आणि एकही शब्द आठवत नव्हता. किती वेळ गेला? मला विचाराल तर श्रावण येऊन गेला असता. किसनराव ओट्याच्या कोपऱ्याशी उभे होते, आपल्याच हातच्या दगडाला टेकून.

तेवढ्यात मागून भोंगा वाजला. गावाच्या दुसऱ्या वेशीतून शिरलेली एक जीप, बँडवाल्यांना बाजूला सारत, आमच्या पाठीला येऊन टेकली. चावडीपुढे रस्ता अरुंद, एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला आडाची भिंत. जीपमध्ये पाटलांचे जावई होते, परतूरचे कापसाचे व्यापारी, सोबत पाटलांची लेक आणि बर्फाची लादी. घरी पाटलांच्याकडे काही कार्य होतं आणि बर्फ पोत्यातून टिपटिप गळत होता.

"मामा!" जावई ओरडले. "वाट द्यायला सांगा की! ऊन लागून राह्यलं!"

विमल मागे वळली. जीपकडे बघितलं, मग पाटलांकडे, आणि शाळेत मुलांशी बोलावं तसं स्वच्छ म्हणाली, "पाटीलकाका, गावची रीत हाय. समदेच उतरतेत म्हणता ना? जावईबापूंना उतरू द्या. त्ये जिथवर चालतेल तिथवर आम्ही बी चालू."

ओट्यावर कोणी तरी खोकलं. मी जन्मात इतकं अर्थपूर्ण खोकणं ऐकलेलं नाही.

आता जावई म्हणजे काय चीज आहे ते वाचकांना सांगायला नको. आमच्या खानदेशात जावयासाठी कोंबडं कापतात, इथे रस्ते मोकळे करतात. भर गावात, भर उन्हात, सासऱ्यानं जावयाला जीपमधून खाली उतरवायचं? तो जावई त्या घरी पुन्हा पाणी पिणार नाही. पाटलांची नजर जीपवरून आमच्याकडे आली, पुन्हा जीपवर गेली. जीपमधून पाटलांच्या लेकीचा आवाज आला, "आबा, बर्फ!"

"जाऊ द्या त्यान्ला," पाटील पुटपुटले.

झालं होतं. आम्ही जाऊ शकत होतो. चाचांचा हात चावीवर गेला. विमलनं तो नुसत्या बोटानं थांबवला.

"पाटीलकाका," ती म्हणाली, "बसून का उतरून?"

पाटलांनी पागोटं काढलं, घाम पुसला, पुन्हा घातलं. मग खणखणीत नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

"बसून जा बाई. बसून."

चाचांनी चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. ना खडखड, ना धूर. मी हात हलवायला मागे वळलो तेव्हा किसनराव ओट्यावर बसलेले होते. ते आधी कधी तिथे बसले होते की नाही, मला माहीत नाही. बांधताना बसले असतील.

परतूर, त्यानंतर

गावाबाहेर सडकेला लागल्यावर चाचांनी पहिल्यांदा पाय पूर्ण दाबला. गाडी कशी पळाली ते मी लिहीत नाही, कारण मी डोळे मिटलेले होते. खडखड आली नाही एवढं ऐकलं. परतूरच्या स्टेशनजवळ चहा पिताना मी कुरबुर केली: पाटील काही तत्त्वानं वाकले नाहीत, जावयासाठी वाकले, बर्फासाठी वाकले. हा कसला विजय? विमल म्हणाली, "तुमच्या पत्रकानं वाकले असते तर चाललं असतं का?" मी चहा संपवला.

भुसावळला आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी इतकंच विचारलं, "तुला कोणी सांगितलं की इंजिन कसलाही कोळसा खातं? तीस वर्षं मी काय फावड्यानं देव पुजले?"

पावसाळ्याआधी विमलचं माहेराहून पत्र आलं. तिच्या वाड्यात आणखी एक लग्न झालं. मोटार नव्हती, शेजारच्या गावचा नवरा, साधी बैलगाडी. चावडीपुढे गाडी थांबली, पण ती बैलांनी थांबवली, ओट्याशी पाटलांच्या कडब्याचा भारा पडला होता म्हणून. बैल चांगली पाच मिनिटं खात उभे राहिले. ओट्यावर माणसं होती. नवरा गाडीत बसून होता. उतर असं कोणी म्हणालं नाही.

खाली किसनरावांनी लेकीकडून एक ओळ लिहून घेतली आहे: भुसावळच्या पाव्हण्याला इचार, बैलाला कोणतं लागतं, त्र्याऐंशी का त्र्याण्णव?